फ्रेम लई पडतात

जून आला की लातुरात चेहरे उगवतात. विजेच्या खांबांवर, गच्चीच्या कठड्यांवर, रसवंतीच्या पत्र्यावर, जिथे दोरी बांधता येईल तिथे. टाय लावलेली पोरं, दोन वेण्या घातलेल्या पोरी, पासपोर्टच्या फोटोत असतात तसे गंभीर चेहरे, आणि खाली आकडा. आकडा चेहऱ्याहून मोठा. संध्याकाळी ट्यूशन एरियातून भाजी आणायला निघालो की हे सगळे वरून माझ्याकडे बघतात आणि मी हातातल्या पिशवीकडे बघत चालतो. खरं म्हणजे आता मला त्यांना भ्यायचं काही कारण उरलेलं नाही. मी निवृत्त झालो, मुलगा नांदेडला त्याच्या कामाला लागला, आमच्या घरात परीक्षा देणारं कुणी नाही. तरी मान खाली जातेच. लाजेला एकदा सवय लागली की ती कारण विचारत बसत नाही.

याच दिवसांत बाहेरगावचे आईबापही उतरतात. बसस्टँडवरून रिक्षात गादी, बादली, पत्र्याची पेटी, त्यावर बसलेला मुलगा, आणि मागून दुसऱ्या रिक्षात उरलेलं कुटुंब. परवा असाच एक बिलोलीकडचा गृहस्थ माझ्या फाटकाशी थांबला. "सर, हितं क्लास कंचा चांगला हाय?" मी मराठीचा मास्तर होतो, मला कुणी असं विचारलं की अजूनही बरं वाटतं. मी त्याला दोन-तीन नावं सांगत होतो आणि त्याचा मुलगा मागे उभा राहून मोबाइलमध्ये डोकं घालून होता. मी सहज वाकून बघितलं. हिरवं रान होतं, रानात कुणीतरी पळत होतं. पळता पळता चित्र अडकलं, मग पुढे उडी मारून पुन्हा सुरू झालं. पोरानं जिभेनं च्यक केलं. बाप त्याच्याकडे बघून माझ्याकडे ओशाळं हसला. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. एका जूनपासून पुढच्या दिवाळीपर्यंत मी ते तोंडावर वागवलेलं आहे.

आमचं घर ऐन ट्यूशन एरियात आहे. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा पलीकडे ज्वारीचं रान होतं. मग क्लास आले, क्लासमागून मेस आल्या, मेसमागून अभ्यासिका, आणि रान कुठे गेलं ते कळलं नाही. या गल्लीत भौतिकशास्त्राच्या सरांना लोक वाट करून देतात आणि मराठीच्या सराला वाट विचारतात. मला त्याचं वाईट वाटत नसे असं मी सांगत आलो. वाटायचं. म्हणूनच सुमितनं, म्हणजे माझ्या मुलानं, दहावीनंतर डॉक्टरकीच्या अभ्यासाला बसावं असं मी ठरवलं तेव्हा त्यात त्याच्या भल्याचा भाग किती आणि माझ्या वाट करून घेण्याचा किती, हे मला आजही नीट वेगळं करता येत नाही. त्यानं विरोध केला नाही. "परीक्षा झाली की कंप्युटर घेऊ," एवढं मी म्हणालो होतो, आणि तो हो म्हणाला होता.

कंप्युटर मी घेण्याआधीच घरात आला. सुमितचा मित्र अझहर, माझाच विद्यार्थी, कुठून कुठून जुने सुटे भाग जमवून आणायचा. एका सुट्टीत दोघांनी मिळून एक डबा उभा केला. चालू व्हायचा, आवाज करायचा, पण सुमितला जे खेळायचं होतं ते त्यावर चालत नव्हतं. त्यासाठी म्हणे ग्राफिक कार्ड लागतं. आमच्याकडे कार्ड म्हणजे रेशनचं. तेव्हा मी नुसती मान हलवली.

त्या कार्डावरून दोघांचं जे चालायचं ते आमच्या गावाकडच्या निवडणुकीला लाजवील असं होतं. कार्ड बनवणाऱ्या कंपन्या दोन. एकीचा डबा लाल, दुसरीचा हिरवा. एकजण लालचा, दुसरा हिरव्याचा. क्लासहून आले की गच्चीच्या जिन्यात बसून सुरू. लाल स्वस्तात जास्त देतं. हिरवं महाग पण भरवशाचं. लाल तापतं. हिरव्याला मिजास आहे. "तुझं लाल उन्हाळ्यात लातुरात चालवून दाखव, चहा होईल वर," असं एकजण म्हणायचा, आणि दुसरा म्हणायचा, "तुझं हिरवं घ्यायला आधी शेत विकून ये." मी आत पेपर तपासत बसलेला असायचो. भिंतीपलीकडून ते दोन रंग माझ्या कानावर महिनोन् महिने पडत होते. सुनंदा, माझी बायको, एकदा म्हणाली, "अहो, एवढं प्रेमानं तो दुसऱ्या कशावरच बोलत नाही." मी म्हणालो, बोलू दे, परीक्षेनंतर बघू.

पडणे. या क्रियापदावर मी वर्गात एक तासभर रंगून बोलायचो. मुलांना आवडायचं. पाऊस पडतो, भाव पडतात, माणूस आजारी पडतो, प्रेमात पडतो, पाया पडतो, निवडणुकीत पडतो. वस्तू स्वस्तात पडते नाहीतर महागात. एवढ्याशा शब्दात चढउतार सगळे मावतात, असं मी फळ्यावर लिहून दाखवायचो. आणि शेवटी हमखास टाळी घेणारं वाक्य: लातुरात मात्र हे क्रियापद एकाच गोष्टीसाठी राखून ठेवलेलं आहे, इथे फक्त मार्क पडतात. वर्ग हसायचा. माझ्या तासाला एवढंच हसू, म्हणून मी ते जपून वापरायचो.

पण त्याआधी हेच क्रियापद आम्ही वेगळ्या तऱ्हेनं बोललो होतो. भूकंपाच्या साली मी नुकताच नोकरीला लागलो होतो. किल्लारीकडे जे झालं ते झालं, लातूर शहर त्या मानानं उभं राहिलं. त्यानंतर कित्येक दिवस आम्ही सगळे अंगणात, मैदानात, रस्त्याच्या कडेला झोपलो. उघड्यावर चुली, उघड्यावर अंघोळी, आणि ओळखीचा कुणी भेटला की पहिला प्रश्न, "तुमच्याकडं किती पडली?" घरं. माणसांचं कुणी थेट विचारत नसे, घरांवरून अंदाज करायचे. आमच्याकडे एकही पडलं नव्हतं. लोकांचे चेहरे बघून मला ते सांगवत नसे. काही न झाल्याची लाज वाटते हे मला तेव्हा कळलं. आमच्या कॉलेजात मामा म्हणून शिपाई होते, त्यांच्या सगळ्या भावकीतलं एकही घर उभं नव्हतं. त्यांनी विचारलं आणि मी बोलून गेलो, "आमच्याही कठड्याला तडा गेलाय." तडा जुनाच होता. मामांनी माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाले, "जपून ऱ्हावा सर, तडा वंगाळ असतोय." मला तिथून उठून घरी जावंसं वाटलं, पण घंटा झाली आणि मी वर्गावर गेलो.

तर ज्या शब्दाला आम्ही एवढे भ्यायचो, त्याच शब्दाची आम्ही पुढे वर्षानुवर्षं जूनमध्ये वाट बघत बसलो. "किती पडले?" दुधाच्या रांगेत, दळणाच्या गिरणीत, सलूनमध्ये. प्रश्न तोच, विचारणारे तेच, फक्त आता कमी पडण्याची लाज.

सुमितला कमी पडले. फार कमी नाहीत. दुसऱ्या एखाद्या गावात त्या आकड्यावर पेढे वाटले असते. लातुरात त्या आकड्यावर लोक गप्प होतात आणि विषय पाण्याच्या टँकरकडे नेतात. नेमकं त्याच वर्षी शेजारच्या बिराजदार सरांच्या मुलीचं नाव चौकात लागलं. बिराजदार सर भौतिकशास्त्राचे, मनानं सरळ माणूस. त्यांनी गल्लीला पेढे खायला बोलावलं. आम्ही तिघेही गेलो. सुमित स्वतःहून उठून लोकांना पाणी देत होता, हातात ट्रे होता त्याच्या. कुणीतरी मला विचारलं, "सर, तुमच्या चिरंजीवांना किती पडले?" आणि मी, मराठीचा मास्तर, टाळीची सवय असलेला, म्हणालो, "मार्क कुठले पडताहेत, आमचे चिरंजीवच पडले."

छान हसले लोक. बिराजदार सरसुद्धा हसले, मग थांबले. सुमित माझ्यापर्यंत आला होता. त्यानं ट्रे माझ्यापुढे धरला, मी ग्लास उचलला, तो पुढच्या माणसाकडे गेला. ग्लास हातात घेऊन मी पाणी प्यायचं विसरलो.

मुलगा रागावला असता, दार आपटलं असतं, जेवला नसता, तर काही तरी करता आलं असतं. तो वेळेवर जेवायचा. ताट विसळून ठेवायचा. विचारलं तर "हो पप्पा", नाही विचारलं तर काही नाही. जिन्यातली लाल-हिरव्याची भांडणं बंद झाली. अझहर यायचा, पण दोघे खालच्या आवाजात बोलायचे. तो उभा केलेला डबा जिन्याखाली तसाच होता आणि सुनंदानं त्यावर धूळ बसू नये म्हणून जुना टॉवेल घातला होता. टॉवेल घातलेलं ते यंत्र मला येता-जाता दिसायचं. "बोला की त्याच्याशी," सुनंदा म्हणायची. काय बोलायचं? आयुष्यभर शब्दांवर पगार घेतला आणि ऐन वेळी एक शब्द हाती लागेना. मग मी ठरवलं, कार्ड आणायचं.

लातुरात दुकानं होती. कंप्युटरच्या एका दुकानात जाऊन उभाही राहिलो. काउंटरवर माझाच विद्यार्थी. "सर, सुमितसाठी का? किती पडले त्याला?" मी म्हणालो, पेन ड्राइव्ह बघायला आलो होतो. आणि खरंच एक पेन ड्राइव्ह घेऊन घरी आलो. ज्याचा मुलगा पडला तो बाप मुलाला खेळणं घेऊन देतोय, ही गोष्ट गल्लीत माझ्या आधी पोचली असती. म्हणून रविवारी सकाळी एका नातेवाइकाला भेटायचं सांगून मी नांदेडची एसटी धरली. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा. दोन्ही बाजूंना रानं नांगरून पेरणीला तयार होती, माणसं बियाण्याच्या पिशव्या घेऊन चढत-उतरत होती, आणि मी कधी नव्हे ती पोरासारखी चोरटी मौज अनुभवत खिडकीशी बसलो होतो. लाज वाटत होतीच. पण तिच्या बाजूला थोडी मौजही बसली होती.

नांदेडचं दुकान एका जिन्याखाली होतं. दुकानदार पंचविशीतला, तोंडात बडीशेप, एका वेळी तीन गिऱ्हाइकांशी बोलणारा. "बोला सर, काय बगून राहिले?" मी म्हणालो, ग्राफिक कार्ड. त्यानं माझ्या धोतराकडे बघितलं असतं तर मला समजलं असतं, पण मी पँट-शर्टात होतो, तरी त्यानं तसंच बघितलं. मग दोन डबे काढून काउंटरवर ठेवले. एक लाल, एक हिरवा.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सुमित कोणत्या बाजूचा होता ते मला आठवत नाही.

महिनोन् महिने ती भांडणं भिंतीपलीकडे चालली होती. वाक्यं मला पाठ होती. चहा होईल वर. शेत विकून ये. पण कोणतं वाक्य कुणाचं? माझ्या मुलाचा आवाज कोणता आणि अझहरचा कोणता? मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. नुसते रंग ऐकू येत होते, आवाज येत नव्हता. पेपर तपासताना मी कान देत नव्हतो, कानावर पडत होतं एवढंच. घरी फोन करून विचारावं तर सगळंच उघड होणार. काउंटरवरच्या काचेत माझा चेहरा दिसत होता, तो मी हातानं झाकल्यासारखा केला.

"दोन्हीत फरक काय?" मी विचारलं.

"दोन्ही चालतेत सर. पन खरं सांगू का, ह्या लालमधी फ्रेम लई पडतेत. मोठा गेम असला की लईच. हिरव्यात न्हाई पडत तेवढे."

फ्रेम म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. पण पडणे माझं होतं. मी त्या शब्दावर तासभर बोलू शकत होतो. एकात लई पडतात, दुसऱ्यात तेवढे पडत नाहीत. लातूरच्या माणसाला यापुढे काही विचारायची गरज नसते.

"मग लाल द्या," मी म्हणालो.

त्यानं बडीशेप चघळणं थांबवलं. "सर, लालमधी पडतेत म्हनलो मी."

"हो हो, कळलं मला. लई पडतात ना? मग तेच द्या. आम्ही लातूरचे आहोत."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. बाजूचं गिऱ्हाईक त्याला हाक मारत होतं. "हाव सर, तुमची मर्जी," म्हणाला आणि लाल डबा पिशवीत घातला. माझ्या मर्जीची त्यानं ठेवलेली ती अदब मला तेव्हा कौतुकाची वाटली होती.

डब्यावर एक राक्षस होता, हातात पेटलेली कुऱ्हाड घेतलेला. तो झाकायला मी स्टँडवर वर्तमानपत्र विकत घेतलं आणि डबा गुंडाळला. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा सुनंदाच्या माहेरकडच्या एक बाई चढल्या आणि नेमक्या माझ्या शेजारी बसल्या. "काय घेतलाव, भाऊजी?" मी म्हणालो, मिक्सर. "भांडे किती हायेत?" मी म्हणालो, तीन. त्यांनी वर्तमानपत्रावरून डबा चाचपून बघितला आणि "हलका दिसतोय, दाण्याचा कूट हुतोय का यात?" असं विचारलं. चाकूर येईपर्यंत मी त्या मिक्सरचे गुण सांगत होतो. पुढे बरेच दिवस त्या बाई सुनंदाला फोनवर नव्या मिक्सरबद्दल विचारायच्या आणि सुनंदा माझ्याकडे बघत हो हो म्हणायची.

त्या संध्याकाळी घरी सुमितनं डब्यावरचं वर्तमानपत्र सोडलं. लाल डबा बघून तो थांबला, अगदी थोडा, मग त्यानं डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं. अझहर तिथेच होता. तो उडालाच. "लाल! सरांनी लाल आनलं! बग, बग, म्हनलो हुतो का न्हाई मी!" तर लाल अझहरचं होतं. माझा मुलगा हिरव्याचा होता. तेवढ्यानं मला सगळं कळलं, आणि मी चप्पल काढायच्या निमित्तानं वाकलो.

"चांगलंय, पप्पा," सुमित म्हणाला. बऱ्याच दिवसांत त्यानं मला हो-नाहीच्या पलीकडचा शब्द दिला होता.

त्यानंतरचे ते दिवस. पाऊस, गौरी-गणपती, मग उन्हं पिवळी होत जाणारे दिवस. दुपारी लाइट असली की सुमितच्या खोलीतून पंख्यासारखा घरघर आवाज यायचा. मी मागच्या खाटेवर जाऊन बसायचो. पडद्यावर डोंगर, पडके किल्ले, घोडा, घोड्यावर कुणी तरी. रंग थोडे फिके वाटायचे, पण मी म्हणालो, असेल तसंच. अधूनमधून घोडा हवेत थांबायचा आणि मग एकदम पुढे जाऊन उभा राहायचा. मला वाटायचं, ही त्या खेळाची धाटणी आहे, घोडा विचार करतो. "किती पडतात?" मी विचारायचो. सुमित मागे वळून न बघता म्हणायचा, "लई पडतेत, पप्पा." मी समाधानानं मान हलवायचो. कधी तो आपणहून सांगायचा, हा किल्ला असा आहे, हा माणूस वाईट नाही, त्याची बहीण हरवलीय. मी ऐकायचो. या वेळी कान देऊन ऐकायचो. नुसतं एका यंत्रापुढे बसून आम्ही दोघे पुन्हा एका घरात राहायला लागलो होतो, आणि ते मी निवडलं होतं, नांदेडला जाऊन, स्वतःच्या अकलेनं. या गोष्टीचा मला इतका अभिमान होता की तो कुणाला सांगितल्याशिवाय राहवेना.

दिवाळीच्या आधी बिराजदार सर घरी आले, मुलीच्या वसतिगृहाचं काही सांगत बसले. सुमित आणि अझहर तिथेच होते, चहा झाला होता. सरांनी भल्या मनानं विचारलं, "सुमित काय म्हणतोय?" पूर्वी मी हा प्रश्न चुकवला असता. त्या दिवशी मी पाठ ताठ केली. "त्याच्या कंप्युटरला नवीन कार्ड घेतलंय. मी स्वतः नांदेडहून निवडून आणलं. दोन होती. एकात फ्रेम पडतच नव्हत्या. आमच्या कार्डात फ्रेम लई पडतात."

अझहरच्या तोंडातून चहा बाहेर आला. खरोखरच आला, शर्टावर. तो खोकतोय की हसतोय ते कळेना. "सर, काय म्हनून राहिले तुमी..." एवढं तो बोलला आणि सुमितनं त्याच्या मांडीवर हात ठेवला. जोरात ठेवला असावा, कारण अझहर गप्प झाला.

बिराजदार सर भौतिकशास्त्राचे असले तरी लातूरचेच. त्यांचा चेहरा उजळला. "वा! किती पडतात?"

मी सुमितकडे बघितलं. सुमित सरांकडे बघत होता. "भरपूर पडतेत सर," तो म्हणाला, "पप्पांनी बघून आणलंय."

"छान, छान," सर म्हणाले आणि उठले.

अझहरला मी फाटकाशी गाठलं. त्यानं आधी टाळलं, मग जमिनीकडे बघत सांगितलं. "सर, फ्रेम म्हंजे चित्र. सेकंदाला कितीक चित्रं दावतंय ते. फ्रेम पडनं म्हंजे मधली चित्रं गळनं. लई पडली की अडकतंय सगळं. ते चांगलं नसतंय सर." आणि मी ओरडेन असं वाटून त्यानं घाईनं पुढे जोडलं, "पन लाल चांगलंच हाय. ते मॉडेल जरा जुनं निघालं, एवढंच."

फाटकापासून सुमितच्या खोलीपर्यंत अंतर काही फार नाही. तेवढ्यात मला तो दुकानदार दिसला, बडीशेप चघळायचं थांबवून माझ्याकडे बघणारा. हवेत थांबलेला घोडा दिसला. खाटेवर बसून रोज "किती पडतात" विचारणारा मी दिसलो. क्रियापदं शिकवणारा माणूस. अंगावरचे कपडे एकदम घट्ट व्हावेत तसं झालं. असं वाटलं की परत फिरावं आणि भाजीला जावं, पण पिशवी आत होती.

सुमित खेळत होता. मी खाटेवर बसलो. आज मी पहिल्यांदा त्या पडद्याकडे नीट बघितलं. घोडा उन्हात चालला होता आणि त्याच्या पायांशी काही नव्हतं.

"सुमित, याची सावली का पडत नाही?"

"बंद केलीय पप्पा," तो म्हणाला. " सावल्या बंद केल्या, गवत कमी केलं, लांबचे डोंगर कमी केले की बरं पळतंय. कमी अडकतंय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

म्हणजे त्या पहिल्या दुपारी, मी मागे समाधानानं बसलो असताना, त्यानं एकेक करून सावल्या विझवल्या होत्या. झाडाची, किल्ल्याची, माणसाची. ज्या खेळाची त्यानं परीक्षा संपेपर्यंत वाट पाहिली, तो खेळ सुमित इतके महिने उघडाबोडका खेळत होता, आणि मला म्हणत होता, लई पडतेत.

"अझहरनं सांगितलं मला," मी म्हणालो.

"मूर्ख आहे तो."

"मला पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस. मी जाऊन बदलून आणलं असतं."

"तुम्ही एवढ्या लांबून आणलं होतं."

"बरं, तेव्हा नाही तर नाही. आज तरी? मी सगळ्यांसमोर येडपटासारखा बोलत होतो. मध्येच म्हणायचं होतंस की पप्पा, असं नसतंय."

सुमितनं खेळ थांबवला. घोडा थांबला, या वेळी खरंच थांबवला म्हणून. तो माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता, मी फार शोधला. विचारायची गोष्ट आहे का ही, अशा नवलानं तो बघत होता.

"असं कसं म्हणणार पप्पा," तो म्हणाला, "बिराजदार सर बसले होते ना."

पेढ्यांच्या दिवशीचा तो पाण्याचा ट्रे मला दिसला. मान खाली घालून मी खाटेवर बसून राहिलो. थोड्या वेळानं त्यानं खेळ पुन्हा सुरू केला, आणि आपली खुर्ची जरा बाजूला सरकवली, मला पडदा दिसावा म्हणून.